७१ नंबरची ट्राम आणि टाकीची साफसफाई

(गिरगावातल्या एका सोसायटीचा ग्रुप, गुरुवार सकाळ)

सेक्रेटरी: उद्या शुक्रवारी सकाळी १० ते २ टाकी साफ करणार आहेत. पाणी भरून ठेवावे. गुड मॉर्निंगचे फोटो टाकू नयेत, कामाचा मेसेज वर जातो.

नेहा ५०३: काका, कामाचंच विचारतेय, फक्त टाकीचं नाही 🙏 अमोलची ऑक्टोबरमध्ये व्हिएन्नाला चार दिवस मीटिंग आहे. मीपण जातेय. तो सकाळी ८ला बाहेर पडणार, संध्याकाळी ७ला येणार. मी एकटी दिवसभर काय करू? जर्मन शून्य. कोणी गेलंय का?

तन्मय ६०२: वहिनी, हॉटेलात झोपा. फुकट एसी.

ज्योत्स्ना ३०२: तन्मय, गप. नेहा, सुलभाकाकू गेल्यात की! काका असताना.

नेहा ५०३: काकू??

सुलभाकाकू २०१: अगं हो. २०१६ साली. ह्यांचं ऑडिटचं काम होतं. थांब, कुकर लावलाय, सावकाश लिहिते.

ज्योत्स्ना ३०२: तोवर मी व्हिसाचं सांगते. तुझा अर्ज वेगळा, टूरिस्टचा. त्याच्या कंपनीचं पत्र, लग्नाचा दाखला, दोघांचं एकच बुकिंग, आणि ३०,००० युरोचं कव्हर असलेला प्रवास विमा. तुझा खर्च कोण करणार ते पत्रात स्पष्ट लिही, कारण कंपनी त्याचाच करणार. अजून एक, कंपनीने खोली एकट्यासाठी बुक केलेली असते. हॉटेलला आधीच ईमेल करून तुझं नाव घालून घे. माझ्या नणंदेला एका हॉटेलात रात्री ११ वाजता काउंटरवर उभं राहून जादा पैसे भरावे लागले होते. नाश्ता पण त्याच्या एकट्याचाच निघाला.

नेहा ५०३: बापरे. हे कोणी सांगितलंच नव्हतं.

सुलभाकाकू २०१: आले. ऐक. पहिले दोन दिवस मी खोलीतच काढले. टीव्हीवर जर्मनमध्ये बटाटे सोलण्याचं यंत्र विकत होते, ते बघितलं. ह्यांनी बजावलं होतं, संध्याकाळी मी आलो की मिळून फिरू. आले की बूट काढून पंधरा मिनिटांत घोरायला लागायचे. म्हणून सांगते, नवऱ्याची वाट बघू नकोस. तो कामाला गेलाय, तू फिरायला.

सुलभाकाकू २०१: तिसऱ्या दिवशी रागारागाने खाली उतरले आणि समोर आली त्या ट्राममध्ये बसले. ती निघाली ७१ नंबर. शेवटी कुठे उतरवलं असेल? स्मशानात!

तन्मय ६०२: 😂😂😂

सुलभाकाकू २०१: हस. तिथे तर म्हणच आहे, माणूस गेला की म्हणतात "त्याने ७१ पकडली". मोठं मध्यवर्ती दफनभूमीचं आवार आहे, १८७४ सालचं. शहरात जेवढे जिवंत आहेत त्याहून जास्त तिथे पुरलेले. मी घाबरले नाही हो. बाई कुत्रं घेऊन फिरतेय, आजोबा बाकावर सफरचंद खातायत, झाडं पिवळी. दोन नंबरच्या गेटने आत गेलं की बेथोवेन, शूबर्ट, ब्राम्स या संगीतकारांच्या कबरी जवळजवळ. मला त्या संगीतातलं ओ की ठो कळत नाही, पण तासभर बसले. चार दिवसांत तेवढाच तास एकटीचा वाटला नाही.

नेहा ५०३: काकू, मस्त! पण तिकीट?

सुलभाकाकू २०१: ट्रामला गेट नाही, अडवणारं कोणी नाही. दिवसाचा किंवा आठवड्याचा पास काढ आणि त्यावर आधीच तारीख-वेळ छापलेली नसेल तर यंत्रात शिक्का मारून घे. साध्या कपड्यांतला टीसी येतो, शिक्का नसेल तर १०० युरोच्या वर दंड. आपल्या चर्नीरोडसारखं "साहेब, पहिल्यांदाच" चालत नाही.

सेक्रेटरी: कृपया टाकीबद्दल कोणाला शंका असल्यास विचारावी.

आप्पा १०४: शंका नाही, माहिती आहे. व्हिएन्नाचं पाणी डोंगरातल्या झऱ्यांवरून नळाने येतं. पहिली वाहिनी १८७३ची. आपल्या मुंबईला पाणी देणारं तानसा धरण १८९२चं. तिथे नळाचं पाणी तसंच प्यायचं, बाटली विकत घेऊ नको नेहा. रस्त्यातही पाण्याचे नळ आहेत.

तन्मय ६०२: आप्पा, तिथे टाकी साफ करायला कोण येतं?

आप्पा १०४: फालतूपणा नको. आपण पत्त्यात व्ही. पी. रोड लिहितो, ते विठ्ठलभाई पटेल उपचारांसाठी व्हिएन्नात होते. मे १९३३ला त्यांनी आणि सुभाषबाबूंनी तिथूनच गांधीजींच्या नेतृत्वावर टीका करणारं पत्रक काढलं. त्याच ऑक्टोबरमध्ये विठ्ठलभाई जिनिव्हाजवळ वारले, देह मुंबईला आणला. पुतळा चौपाटीवर आहे, रोज त्याच्यासमोरून भेळ खायला जाता.

ज्योत्स्ना ३०२: आप्पा, हे खरंच माहीत नव्हतं.

सुलभाकाकू २०१: आणि रिंग रस्ता. जुनी तटबंदी पाडून केलेला, १८६५ला सुरू झाला. ऑपेरा, पार्लमेंट, महापालिका सगळं त्याच्यावर. १ आणि २ नंबरच्या ट्रामने चक्कर होते, पण एकीने पूर्ण होत नाही, मध्ये बदलायची.

आप्पा १०४: आपल्या फोर्टची तटबंदीही त्याच दशकात पाडली.

सुलभाकाकू २०१: पाय दुखले की कॉफीच्या दुकानात शिर. एक मेलांज, म्हणजे फेसाळ दुधाची कॉफी, मागव. चांदीच्या ट्रेमध्ये पाण्याच्या ग्लासासकट येते. मग दोन तास बस, "मॅडम अजून काही?" असं मागे लागणारं कोणी नाही. वर्तमानपत्रं लाकडी दांडीत अडकवलेली असतात. मी जर्मन पेपर उलटसुलट करून चित्रं बघितली. एकदम प्रतिष्ठित दिसते बाई.

नेहा ५०३: 😄 आणि जेवायचं? मी पूर्ण व्हेज.

सुलभाकाकू २०१: भाजीचं सूप दिसलं म्हणून घेऊ नकोस, त्यात "श्पेक" म्हणजे डुकराचं मांस असू शकतं. विचारून घे. चीजमधल्या श्पेट्झले म्हणजे मैद्याच्या जाड शेवया, अॅपल स्ट्रुडल म्हणजे सफरचंदाची गोड गुंडाळी, कापलेलं गोड धिरडं, हे चालेल. नाश्मार्क्ट नावाचा बाजार आहे, फळं, ऑलिव्ह, मसाले. रविवारी बंद. रविवारी बाकीची दुकानंही बहुतेक बंद असतात, मोठ्या स्टेशनवरची सोडून. शनिवारी दूध-ब्रेड घेऊन ठेव.

ज्योत्स्ना ३०२: काकू, ऑपेरा बघितला का?

सुलभाकाकू २०१: बघितला तर! खुर्चीचं तिकीट ऐकून ह्यांना घामच फुटला. पण उभं राहून बघायची तिकिटं त्याच दिवशी स्वस्तात मिळायची. रांगेत उभी राहिले, आत गेले, तर लोकांनी कठड्याला स्कार्फ बांधून जागा धरलेल्या! म्हटलं अरे, ही तर आपली एसटी. रुमाल टाकला आणि बाहेर जाऊन चकली खाऊन आले.

तन्मय ६०२: 🔥 काकू ग्लोबल

नेहा ५०३: आत्ताही तसंच असतं का?

सुलभाकाकू २०१: ते साइटवर बघून घे, नियम बदलतात. जुलै-ऑगस्टला ऑपेरा बंद असतो, तुझा ऑक्टोबर बरोबर. पर्समध्ये रुमाल असू दे मात्र.

नेहा ५०३: अमोलला दाखवलं. म्हणाला, "मी पण एक दिवस मीटिंग बुडवतो."

सुलभाकाकू २०१: बुडवेल! संध्याकाळी खाली ये, माझ्याकडे तेव्हाचा नकाशा आहे. घडीवर फाटलाय, पण ७१ला पेनाने गोल केलाय.

सेक्रेटरी: महत्त्वाचे. माणसे उद्या येणार नाहीत. टाकी शनिवारी. सकाळचा मेसेज वर गेल्यामुळे पुन्हा टाकत आहे.

सुलभाकाकू २०१: अहो, मी सगळ्या बादल्या भरून बसले!