‘टोमाहॉक चॉप’बाबत मुलीच्या शाळेशी कसे बोलावे? मदत हवी आहे

नमस्कार. आम्ही कॅन्सस सिटीजवळ राहतो. चीफ्स या येथील अमेरिकन फुटबॉल संघाच्या सामन्याआधीच्या शुक्रवारी माझ्या मुलीच्या शाळेत सगळे लाल कपडे घालून येतात, त्याला माझी काहीच हरकत नाही. परंतु त्या दिवशी वर्गात मुलांकडून ‘टोमाहॉक चॉप’ही करून घेतला जातो, म्हणजे एका सुरात हेल काढत हात टोमाहॉकसारखा (मूलनिवासींच्या कुऱ्हाडीसारखा) वरखाली हलवायचा, आणि ते मला मनापासून खटकते. अमेरिकेतील अनेक मूलनिवासी संघटनांनी या प्रथेला वारंवार विरोध केला आहे. संघाने २०२० मध्ये अ‍ॅरोहेड स्टेडियममध्ये पिसांचे शिरोभूषण आणि मूलनिवासींच्या धर्तीवर रंगवलेले चेहरे यांवर बंदी घातली, चॉप मात्र चालूच राहिला.

संघाचे नाव महापौर एच. रो बार्टल यांच्या ‘चीफ’ या टोपणनावावरून पडले, असे मला सांगितले जाते. ते खरे आहे, पण संघाच्या चिन्हातले बाणाचे टोक आणि सामन्यात वाजणारा ढोल यांचा खुलासा त्यातून होत नाही. फ्लोरिडा स्टेट विद्यापीठाला आपल्या संघांसाठी ‘सेमिनोल’ हे नाव वापरायला त्या मूलनिवासी जमातीची संमती आहे, हा दाखलाही मिळतो. एका जमातीची संमती दुसऱ्या संघाला कशी लागू पडेल?

शिक्षिकेला दुखावल्याशिवाय हे पत्रात कसे मांडावे, आणि आठ वर्षांच्या मुलीला मैत्रिणींत एकटे न पाडता काय सांगावे? जवळच लॉरेन्सला हॅस्केल हे मूलनिवासी विद्यार्थ्यांचे विद्यापीठ आहे. तेथील कोणाला शाळेत बोलावण्याचा अनुभव कोणाला असल्यास कृपया सविस्तर लिहावे.