कोसोवोला आपण अजून मान्यता का देत नाही?

अभ्यासिका_सांगली: नमस्कार मंडळी, एमपीएससीची तयारी करतोय, विश्रामबागला. काल रात्री चहाच्या गाड्यावर आमचा जोरात वाद झाला. मी म्हटलं १९३३ च्या माँटेव्हिडिओ कराराप्रमाणं लोक, जमीन, सरकार आणि बाकी देशांशी व्यवहार करायची कुवत एवढं असलं की देश झाला, मग २००८ ला कोसोवोनं सर्बियापासून स्वातंत्र्य जाहीर केलं, अमेरिकेनं लगेच मानलं, तरी आपण गप्प का? आणि बांगलादेशला मात्र ६ डिसेंबर १९७१ ला, युद्ध चालू असतानाच मान्यता. हा दुटप्पीपणा नाही का?

कृष्णाकाठ: भावा, त्या चार अटी पुऱ्या केल्या म्हणून कुणी मान्यता द्यायला बांधील नसतो. प्रत्येक देश आधी आपलं घर बघतो. स्पेनला फुटू बघणाऱ्या आपल्याच कॅटलोनिया प्रांताची धास्ती, म्हणून तो कोसोवोला मानत नाही. सायप्रसचा उत्तर भाग १९८३ पासून वेगळा देश म्हणवतोय, त्याला फक्त तुर्की मानतो, मग सायप्रस कशाला कोसोवोला हो म्हणेल? आपल्याला काश्मीर आहे. आंतरराष्ट्रीय न्यायालयानं २०१० ला एवढंच सांगितलं की कोसोवोच्या घोषणेनं कायदा मोडला नाही, मान्यता द्याच असं नाही म्हटलं. हा फरक पेपरात नक्की लिही.

मिरजेची_ताई: बांगलादेशला दुटप्पीपणा म्हणू नकोस रे, मला ते फार लागलं. १९७० च्या निवडणुकीत पूर्व पाकिस्तानातल्या अवामी लीग पक्षाला अख्ख्या पाकिस्तानात बहुमत मिळालं, सत्ता दिली नाही, वर कत्तल, आणि कोटभर माणसं आपल्याकडं आली. तरी १९७२ ला चीननं व्हेटो वापरून त्यांना यूएनमध्ये येऊ दिलं नाही. फेब्रुवारी १९७४ ला खुद्द पाकिस्ताननं मान्यता दिली आणि सप्टेंबरात ते आत आले. ज्याच्यातनं फुटला तोच हो म्हणाला की बाकीच्यांची अडचण सुटते. सोमालीलँडचं तेच अडलं, १९९१ पासून स्वतःचं चलन, निवडणुका सगळं असून तीस वर्षं यूएनमधल्या एकाही देशानं मानलं नाही, कारण सोमालिया सोडायला तयार नाही.

सातारारोड: मान्यता नसली तरी व्यवहार थांबत नाहीत हे पण बघ. माझी भाची तैवानला शिकायला गेली. व्हिसाचे कागद घेऊन दिल्लीला गेलो तर पाटीवर दूतावास शब्दच नाही, 'ताइपे आर्थिक आणि सांस्कृतिक केंद्र'. काम सगळं दूतावासाचंच. आपलं पण तिकडं १९९५ पासून असंच ऑफिस आहे.

अभ्यासिका_सांगली: ताई, तो शब्द मागं घेतो. पण मग पश्चिम सहाराच्या सरकारला आपण १९८५ ला मान्यता देऊन २००० ला काढून घेतली, ते कशात बसवायचं?

कृष्णाकाठ: त्या भागावर मोरोक्को हक्क सांगतो, आणि मोरोक्कोचं फॉस्फेट बघ, आपलं खत त्याच्यावर चालतं. बाकी उद्या गाड्यावर बोलू, मी पण येतो.