गाळाची सरमिसळ झालेली असताना कोअरवर कितपत विसंबावे?

प्रश्न: खोल समुद्रात गाळ हजार वर्षांत जेमतेम दोन-तीन सेंटीमीटर साचतो आणि तळावरचे कृमी वरचा सुमारे १० सेंटीमीटरचा थर सतत उकरत असतात, असे वाचले. म्हणजे त्या थरात ३ हजारांहून अधिक वर्षांचा गाळ एकत्र झालेला असणार. मग समुद्रतळातून काढलेल्या गाळाच्या उभ्या नळकांडीवरून, म्हणजे कोअरवरून, हिमयुगांचा इतिहास इतक्या खात्रीने कसा सांगतात?

उत्तर १: शंका रास्त आहे. उभा चिरलेला कोअर पाहिला, तर फिकट थरात उतरलेली गडद बिळे नुसत्या डोळ्यांनीही दिसतात. मात्र या उकराउकरीने नोंद पुसली जात नाही, पसरट होते. हेझ, इंब्री आणि शॅकलटन या संशोधकांनी १९७६ मध्ये दक्षिण हिंदी महासागरातील कोअरवरून दाखवलेली हवामानाची आवर्तने सुमारे १ लाख, ४२ हजार आणि २३ हजार वर्षांची होती. त्यांपुढे तीन हजार वर्षांची सरमिसळ किरकोळ ठरते. शतकाशतकाचे बदल हवे असतील, तर असा कोअर निरुपयोगी. त्यासाठी व्हेनेझुएलाजवळच्या कारियाको खोऱ्यासारखी जागा लागते. तेथे तळाच्या पाण्यात ऑक्सिजन नसल्याने उकरणारे जीवच नाहीत आणि वर्षागणिक साचलेले फिकट-गडद पापुद्रे मोजता येतात.

उत्तर २: सरमिसळीपेक्षा मला अर्थ लावण्यातला घोटाळा मोठा वाटतो. कोअरमधील फोरॅमिनिफेरांच्या, म्हणजे सूक्ष्म एकपेशी सागरी जीवांच्या, कवचातील ऑक्सिजन-१८ चे (ऑक्सिजनच्या जड प्रकाराचे) प्रमाण पाणी थंड झाले तरी वाढते आणि जमिनीवर बर्फ साठला तरी वाढते. संशोधक एमिलियानी यांनी १९५५ मध्ये हा बदल प्रामुख्याने तापमानाचा मानला. शॅकलटन यांनी १९६७ मध्ये तळावर राहणाऱ्या जातींकडे लक्ष वेधले: तिथले पाणी आधीच गोठणबिंदूजवळ असल्याने आणखी फारसे थंड होऊ शकत नाही, तरीही त्यांच्या कवचांत बदल जवळजवळ पृष्ठभागाजवळच्या जातींइतकाच आढळतो. तेव्हा त्यातला मोठा वाटा बर्फाचाच.

प्रश्नकर्ता: मग पृष्ठभागाचे तापमान वेगळे कसे काढतात?

उत्तर २: त्याच कवचातील मॅग्नेशियम आणि कॅल्शियम यांच्या गुणोत्तरावरून; पाणी उबदार असेल तितके मॅग्नेशियम अधिक. पण खोलवर कवच विरघळू लागले, की मॅग्नेशियमयुक्त भाग आधी जातो आणि समुद्र होता त्याहून थंड भासतो. म्हणूनच वाळूच्या कणाएवढी ती कवचे सूक्ष्मदर्शकाखाली ओल्या कुंचल्याने वेचताना झिजलेली बाजूला काढावी लागतात.