मदत हवी आहे: विंचेस्टर रायफलची रेप्लिका कुठं विकावी?

मंडळी, बेळगाव-निपाणी-कोल्हापूर पट्ट्यात जुन्या वस्तू जमवणारं कोण ओळखीचं आहे काय? आमच्या मामांनी बोटीवर नोकरीला असताना स्पेनहून आणलेली विंचेस्टर १८७३ ह्या जुन्या अमेरिकन रायफलची रेप्लिका, म्हणजे हुबेहूब नक्कल आहे, डेनिक्स कंपनीची, आता ते बेळगावात टिळकवाडीतलं घर सोडून मुलाकडं पुण्याला चाललेत म्हणून विकायची आहे. गोळी उडत नाही ओ, नळी आतनं बंदच आहे, पण खालचं लिव्हर ओढलं की बोल्ट मागं सरकून घोडा चढतो आणि खटॅक असा आवाज येतो, घरातली पोरं तर सोडतच नाहीत. घोड्याजवळ काळा रंग उडालाय, रंगवून घ्यावा काय? मला तर तसंच बरं वाटतंय.

खडेबाजारातल्या एकानं फोटो बघूनच शोपीसचा भाव सांगितला, तेवढ्यात नाही द्यायची. बिल काय सापडेना. आणि कोल्हापूरला कुरिअर करायचं म्हटलं तर एक्स-रेत बंदूकच दिसणार की, वाटेत अडवलं तर काय दाखवायचं? आधी पोलीस स्टेशनात विचारून लेखी घेतलेलं बरं काय? कॅम्पातले रिटायर्ड फौजी काका लोक कोण असतील तर सांगा, येऊन हातात घेऊन बघा, मग भावाचं बोलू.