तीन तास कुणाचे?

'तीन तासांच्या कार्यक्रमाला साउंडवाले एवढे पैसे कशाचे घेतात' हा इथल्या चर्चेतला मुद्दा पटला नाही. तीन तास श्रोत्यांचे असतात. मी नाशकात 14 वर्षं साउंडचं काम करतोय. गोदाकाठच्या दिवाळी पहाटेचंच बघा. 2000 च्या ध्वनिप्रदूषण नियमांमुळे रात्री 10 ते सकाळी 6 उघड्यावर लाउडस्पीकर बंद, त्यामुळे साउंडचेक आदल्या संध्याकाळीच उरकावा लागतो. मग रात्रभर सामानाची राखण. दव पडतं, साउंडच्या मिक्सरवर प्लास्टिक अंथरून हाताखालची पोरं शेजारीच झोपतात. सकाळी गार, ओलसर हवेत तबल्याचा सूर उतरलेला असतो, संध्याकाळचं सेटिंग पुन्हा पहिल्यापासून.

आणि त्या पैशांवर पावसाळ्याचे चार महिनेही काढायचे असतात, हे इथे कुणी लिहिलं नाही. एका आयोजकाने माझे पैसे सात महिन्यांनी दिले, पण पोरांची मजुरी मला त्याच सकाळी द्यावी लागली होती. तरी सांगतो, काळोखात घाटावर पहिला षड्ज लागतो आणि शेवटच्या पायरीवरची आजी डोळे मिटते, तेव्हा रात्रीचं जागरण अंगावरून उतरतं. हे काम मी सोडणार नाही. फक्त निम्मी रक्कम आधी आणि उरलेली कार्यक्रमाच्या दिवशी, एवढं आयोजकांनी पाळावं.