मदत हवी आहे: कालवांची जखम आणि थुंकी

नमस्कार मंडळी. आमची आई भाट्याच्या खाडीत कालवं काढते. शिंपलीची धार लागली की बोट तोंडात घालायचं, थुंकी लावायची आणि पुन्हा पाण्यात हात. तिला डायबेटिस आहे. आता तर्जनीच्या पेरावरची चीर कडेने पांढरी पडलीय, बोट सुजलंय. उद्या डॉक्टरकडे नेतेच आहे.

थुंकीने जखम लवकर भरते, हे तिचं म्हणणं अगदीच खोटं नाही. लाळेतल्या हिस्टॅटिन नावाच्या छोट्या प्रथिनांपैकी काही बुरशीला मारतात, तर हिस्टॅटिन-१ मुळे कडेच्या पेशी सरकत येऊन जखम बुजवतात. ॲमस्टरडॅमच्या संशोधकांनी २००८ मध्ये हे प्रयोगशाळेत दाखवलं. तोंडातली जखम लवकर भरते त्याचं हे एक कारण. पण त्याच लाळेत तोंडातले असंख्य जंतूही असतात! शिवाय खाऱ्या पाण्यातला व्हिब्रिओ नावाचा जंतू जखमेत शिरला तर डायबेटिसवाल्यांना जास्त धोका.

कालवं काढताना टिकतील आणि बोटं नीट वळतील असे हातमोजे कुठे मिळतात? रत्नागिरीत मिळाले तर उत्तम. चीर पडल्यावर गोड्या पाण्याने धुऊन वर काय लावावं, जे खाऱ्या पाण्यात सुटणार नाही? खाडीत काम करणाऱ्या बायकांनी आणि ग्रुपमधल्या डॉक्टर, नर्स मंडळींनी कृपया सांगा.