वसुबारसेपासून मुलांची दिवाळी

कोथरूडची आई: मुले चार आणि सहा वर्षांची असून फटाक्यांना घाबरतात. वसुबारसेपासूनच त्यांना दिवाळीची गोडी लागावी, यासाठी काय करता येईल?

पेठकर: किल्ला करावा. दगड-विटांवर गोणपाट अंथरून चिखल लिंपावा आणि हळीव किंवा मोहरी पेरून रोज हलके पाणी शिंपडावे, म्हणजे हिरवळ उगवते. मात्र पेरणी वसुबारसेच्या आधीच झालेली बरी. मावळे कसब्यातल्या कुंभारवाड्यात मुलांनाच निवडू द्यावेत. (बुरूज वाकडा झाला तरी मोठ्यांनी हात लावू नये!)

नातवंडांचे आजोबा: वसुबारसेला संध्याकाळी गाय-वासराची पूजा असते, तेव्हा मुलांना जवळच्या गोठ्यावर न्यावे.

कोथरूडची आई: आमची गॅलरी अरुंद आहे, तेव्हा किल्ला जुन्या परातीत बसवते.